अंतरपाट

संग्रहालयाचा माणूस दोनदा विचारतो,
राजघराण्यातलाच ना हा?

हौ जी. दोन तास.
त्याआधी चार महिने आमच्या मागावर होता,
त्यानंतर आमच्याच पेटीत.

आंधळगावच्या देवाजी हेडाऊला निरोप आला होता:
कोसा हवा, करवती काठ हवा, जर चांदीची,
आणि पोत असा, की मुलीला पलीकडचा दिसावा
अन् पलीकडच्याला मुलगी दिसू नये.
असं कापड नसतं.
देवाजी हो म्हणून आला,
मग रात्रभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला.

उत्तर सापडलं ते सुतात नव्हतं.
नवरदेवाकडं सहा मशाली लावा, म्हणाला,
नवरीकडं एकही नको.

पाचव्या मंगलाष्टकाला
मशालींच्या धगीनं नवरदेवाच्या मिशीचं काजळ ओघळलं,
खालून पांढरी मिशी निघाली.
रतनकुवर बघत होती.
भटजी सावधान म्हणायच्या आधीच
सावध झाली,
मुठीत धरून ओढला तिनं.
हा काठ फाटलाय ना, तो तिथं.
पुढं तिचं काय झालं, कोणी सांगत नाही.

कापड अपशकुनी म्हणून परत आलं.
मजुरी आली नाही.

आमच्या आळीत कापड अपशकुनी नसतं,
विकलेलं असतं किंवा पडून राहिलेलं.
तेव्हापासून आळीतलं प्रत्येक लग्न यानंच लागतं.
हे भोक उंदराचं.
हा डाग पेट्रोमॅक्सचा.
जर विचारताय? गिरणीचं सूत आलं
त्या वर्षी काठ जाळून चांदी काढली,
अडीच तोळे,
दिवाळीपर्यंत तांदूळ पुरला.

रीत तेवढी राहिली.
मंगलाष्टकं सुरू झाली की
नवरीकडचा बल्ब कोणीतरी मालवतं,
वायरमनचं नाव घेतं.
पोरी बघतात. बहुतेक हसतात.
आजवर तिघींनी ओढला.
तिसरी मी.

तो हे लिहून घेत नाही.
लांबी-रुंदी हवी म्हणतो,
म्हणून दारात टांगून देते.
तो ओट्यावर, उन्हात, टेप घेऊन.
मी आत, चुलीपाशी.

शर्टाचं दुसरं बटण वेगळ्या रंगाचं आहे,
स्वतःच लावलं असावं, दोरा काळा.
ओठ हलवत आकडे मोजतो.

बाई, आहात ना तुम्ही?
कापडाला विचारतो.

आहे, म्हटलं.
मोजा तुम्ही.