पाचची वेळ

द्वारकेला अडकलोय, म्हणाले बोरस्ते.
हे साडेचारला. मग फोन बंद.

मी नळ सोडून गढूळ पाणी जाऊ दिलं,
खिडक्या पुसल्या. पाथर्डी फाट्याची धूळ
परत येऊन बसली,
तीच एक वेळेवर.

मागच्या रविवारी सातपूरचं जोडपं,
त्याआधी कुणी नर्सबाई: आलेच, पाच मिनिटांत.
वॉचमन निंबा आता न विचारता
खुर्ची वर आणून देतो.

सव्वापाचला ऊन ओट्यावर चढतं,
डब्यांच्या फळीपर्यंत जातं.
सतरा वर्षं राहिले इथं,
प्रेसमध्ये कायम दुसरी पाळी.
हे ऊन पाहिलंच नव्हतं.

बोरस्त्यांचा मेसेज: उद्या चालेल?
चालेल. पण पाचलाच.

निंबा म्हणाला, किल्ली ठेवून जा ताई,
मी दाखवीन की.
नको म्हटलं.