गाळी

मे महिन्यात मांडव इथंच पडला.
खुर्च्या ओढल्या, पंगती उठल्या,
केटररचा टेम्पो थेट हिरवळीवर.
मग पावसाळाभर पाणी वरच साचलं,
हरळी पिवळी पडली,
शेवाळ तेवढं गुळगुळीत.

दसरा झाला. अनगोळहून फकीरप्पा आला,
सायकलला बांधलेली नळ्यांची पहार,
वेल्डिंगवाल्याकडनं स्वतः करून घेतलेली.
टाच आपटून म्हणाला,
"बाई, मातीला गाळी पायजे की."
मला वाटलं, शिव्या घालायला सांगतोय.
अठ्ठावीस वर्षं हिंदवाडीत काढली
आणि गाळी म्हणजे वारा
हे मला तो सांगतो, हसू दाबत.

भोक. एक पाऊल. भोक.
बोटाएवढ्या तांबड्या गुंडाळ्या वर आल्या.
"उचलू नका, विरघळतात त्या."
मग वाळूत कालवलेलं बी,
एकदा उभं, एकदा आडवं,
वर चाळलेलं शेणखत, इतकं पातळ
की खालची पात दिसली पाहिजे.

"एकवीस दिवस पाय नको."

म्हणून मी कपडे वाळत घालायला
भिंतीला घासून जाते,
गॅसवाल्याला मागच्या दारानं बोलावते,
चहा निववत साळुंक्या हुसकते.

धारवाडहून शलाकाचा फोन.
"काय करतेस गं एकटी?"
"मातीला गाळी देतेय," म्हटलं.
ती हसली. तिच्या सासरी कन्नड बोलतात,
तिला लगेच कळलं.
मग दोघीही थोडा वेळ गप्प.

नवव्या दिवशी दिसलं काहीतरी,
केसाएवढं,
मांडवाचे खांब रोवले होते
नेमकं तिथंच आधी.