चौऱ्याऐंशी

ड्रॉइंगवर आतला व्यास लिहिला होता, चौऱ्याऐंशी मिलिमीटर.
पंपाचा स्लीव्ह, हातभर लांब,
पंचगंगेकाठच्या कुठल्याशा पाणीपुरवठा संस्थेचा.
तातोबा येजऱ्यांनी कागद उलटा केला,
पुन्हा सुलटा केला,
आणि चहा न पिताच लेथ चालू केला.

उद्यमनगरात सगळे त्यांना मेजर म्हणायचे.
ते हवालदार होते. पहिलं वर्षभर दुरुस्त करायचे,
मग सोडून दिलं.
त्यांच्याशी बोलायचं तर डावीकडून.
उजवा कान राजस्थानच्या वाळूत राहिला,
रेंजवर, एका गंजक्या रणगाड्यासमोर,
जो दर साली गोळे खाऊन
तिथंच बसलेला असायचा, रंकाळ्यातल्या म्हशीगत.
"शत्रूचा?" मी विचारलं होतं.
"छ्या. आपलाच. म्हातारा झालेला."
अठरा वर्षांत खरे गोळे अकरा.
मोजताना बोटं एकानं कमी पडायची.

संध्याकाळी स्लीव्ह उतरला.
व्हर्नियर लावला नाही.
आत मूठ घातली, फिरवली, म्हणाले, "बरोबर हाय."
मग इकडंतिकडं बघून
उचलून खांद्यावर ठेवला.

गुडघा आपोआप वाकला. गाल लोखंडाला टेकला.
समोर गल्ली. गल्लीच्या तोंडाला
उसाचा रिकामा ट्रॅक्टर वळत होता
दोन ट्रॉल्यांसकट, सावकाश, कूस दाखवत.

मी मागं उभा, हातात कटिंग.
"मागनं सर."
मी हसलो.
"सर म्हणतोय न्हवं!"
असला आवाज त्यांच्यात आहे हे ठाऊक नव्हतं.
सरलो. चहा बोटांवर सांडला.

स्लीव्ह खाली ठेवून, फडक्यानं पुसत म्हणाले,
"ही नळी दोन्हीकडनं उघडी असत्या.
पुढं जेवढं जातंय तेवढंच मागं.
म्हणून तर खांद्याला धक्का न्हाई.
सटुप्पा नाईक, चंदगडचा, माझा नंबर दोन.
गोळा भरायचा, मागं बघायचा,
मग खांद्यावर थाप.
थाप पडल्याबिगर घोडा दाबला न्हाई कधी."

सटुप्पा आता काजूच्या बागेत असतो.
फोन करतो. येजरे तो उजव्या कानाला लावतात,
आणि "हां, हां" म्हणत राहतात बराच वेळ.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला.
चलनावर मी लिहिलं, स्लीव्ह, एक नग.
सहीला पेन टेकवून ते थांबले.
मी मागंच होतो.
काय वाटलं कुणास ठाऊक,
मागं वळून बघितलं, गल्ली मोकळी होती,
त्यांच्या खांद्यावर एकदा थाप मारली.

त्यांनी सही केली.