घडणावळ बाकी

निझवाच्या बाजारात खलफान
चांदीला लिंबू चोळत बसलेला.
हॉलंडची लिसबेत विचारते,
किती जुना हा डाग?

तो हसतो. आमच्याकडे जुनं राहत नाही, बाई.
बायको मेली की तिची चांदी मुशीत.
मेलेलीचं कोण अंगाला लावणार?
आजीचे वाळे आईच्या तोड्यांत,
आईचे तोडे बहिणीच्या कमरेला,
चांदी तीच, आटून आटून
दर वेळी कोरी.

मग हा कसा वाचला?

ते त्यालाही माहीत नसतं.
नळीसारखा ताईत, खाली सात साखळ्या,
एक तुटलेली, तारेनं बांधलेली.
हलवला की आत काहीतरी कुरकुरतं.
आयत असेल, म्हणत तो
चिमट्यानं टोपण सैल करतो.

आयत नाही. चिठोरं.
त्याच्या आजोबांचं अक्षर, ओळ उतरत गेलेली:
सालमची बायको झुवैना.
घडणावळ, तीन रियाल, बाकी.

म्हणजे ती पुन्हा या गल्लीत आलीच नसणार.
ना तिची लेक.
आटवायला आणलं असतं
तर आधी मागचं निघालं असतं.
साठ वर्षं, खजुराच्या रांजणामागे कुठेतरी,
लाजेनं सांभाळलेला डाग.

खलफान तराजू धरतो, वजन सांगतो,
पेन्सिल जिभेला लावून
किमतीत तीन रियाल वाढवतो.
लिसबेत नोटा मोजून देते,
चिठोऱ्यासाठी हात पुढे करते.

तोवर त्यानं ते फाडलेलं असतं,
फिटलेली उधारी फाडतात
तसं, चार तुकडे करून.