काटा

एकतीस वर्षं कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो.
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी,
उरला तो ऊस.
इतकं सोपं होतं सगळं.

आता देवराष्ट्रात, सागरेश्वरच्या डोंगराखाली
बावीस गुंठे आहेत
आणि धाकटीनं कुठल्याशा शिबिरातून आणलेला एक शब्द, पर्माकल्चर.
नांगरायचं नाही, जाळायचं नाही,
पाचट जिथं पडलं तिथंच कुजू द्यायचं.
हिंदुराव बांधावरनं बघतो, म्हणतो,
"क्लार्कसाहेब, ही बाग हाय का उकिरडा?"
मी म्हणतो, दोन्ही.

सवय जात नाही. वही घातली आहे.

मंगळवार. रताळी, अंदाजे सहा किलो. साळिंदर.
वेल तसाच वर पसरून ठेवलेला,
पाहुण्यानं जेवून ताट झाकून जावं तसा.
गुरुवार. पपया दोन, वरच्या अंगानं पोखरलेल्या. बुलबुल.
शनिवार. काही नाही.
हे लिहिताना जरा चुकल्यासारखं झालं.

जमेच्या बाजूला काय मांडायचं कळत नाही.
पाचटाच्या ढिगात धामण राहते,
माझ्या काठीहून वीतभर जास्तच.
ती आल्यापासून भुईमुगाची शेंग उंदरांनी नेली नाही.
न नेलेल्या शेंगेचं वजन कसं करतात?
घुबडानं आंब्याखाली टाकलेली गोळी फोडून बघितली:
केस, आणि एक जबडा,
कण्यांएवढे दात.
हे किती ग्रॅम लिहू?

अनुसया या बाबतीत माझ्यापेक्षा सरळ.
तिनं पावट्याच्या तीन ओळी घातल्या,
कुंपणाकडची त्यांची म्हणून सोडली.
त्यांनी मधली खाल्ली.

हिंदुरावनं झटका मशीन बसवलंय.
रात्रभर टिकटिक ऐकू येते.
त्याच्या हरभऱ्यात कुणाचं पाऊल नाही.
मी त्याला चूक म्हणत नाही,
मला फंडाचे पैसे आले, त्याला हरभराच येतो.
पण तिकडून वळलेलं सगळं माझ्याकडं येतं,
त्याला वहीत रकाना नाही.
अभयारण्याची जाळी कुठं फाटलीय
हे तर शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे.

पौषात एकदा पहाटे तीनला
कुत्रं भुंकलं नाही
म्हणून जाग आली.
बॅटरी मारली.
पावट्यात सांबर. मादी.
दोन हिरवे दिवे, आणि खाली जबडा चालूच.
एका कानाची पाळी फाटलेली.
इतकी मोठी असते माहीत नव्हतं,
डोंगरावर दिसते तेव्हा शेळीएवढी वाटते.
अंगातनं वाफ निघत होती.

ओरडायला तोंड उघडलं
आणि एकतीस वर्षांचं जे आत साचलेलं, तेच बाहेर आलं:
"झालं. गाडी पुढं घ्या."

आणि घेतली तिनं.
घाई न करता, चर ओलांडून, अळू तुडवत.
दीड-दोन क्विंटल सहज,
आणि पाचटावर आवाज म्हणाल तर
कुणी झोपेत कूस बदलावी एवढा.

सकाळी वहीत लिहिलं, पावटा, एक ओळ.
पुढं लिहिता येईना.
रिकामी आली तेव्हा काटा झाला नव्हता,
मग भरलेलीचा काय उपयोग?
अनुसया सुपलीत लेंड्या गोळा करत होती,
शेवग्याच्या बुडाशी टाकायला,
मध्येच विचारत होती, पोरीला कळवायचं का.

वहीत खूण म्हणून साळिंदराचा काटा घालतो,
काळा-पांढरा, हाताच्या वितीएवढा.
त्याचं टोक बोटाला लागलं.
थोडं रक्त आलं.
ते लिहिलं नाही.