तक्कुव

तीस वर्षं मी वजनं तपासली.
साखर पेठेतली मापं, मंगळवार पेठेतल्या तागड्या,
अशोक चौकातला भंगारवाला,
जो मला पाहून आधी चहा सांगायचा, मग काटा पुसायचा.
शिशाच्या टिकलीवर ठोकलेला शिक्का
माझा. म्हणजे सरकारचा. म्हणजे माझाच.

त्या मे महिन्यात, दत्तनगरच्या विडी ब्रँचमध्ये
काटा बरोबर निघाला.
रांगेतल्या अंबूबाई म्याकलनं
वाट्याचा तंबाखू तळहातावर घेतला,
झोपल्या पोराचं डोकं उचलावं तसा जरा तोलला
आणि म्हणाली, "तक्कुव उंदी, सायेब."
कमी आहे.

मी मखमलीच्या पेटीतलं पितळी वजन पुन्हा ठेवलं.
काटा सरळ. मुनीम हसला.
तिनं मूठ दाबली, उघडली.
तळवा ओला.

पाणी मारलं होतं.
पाण्याचंही वजन अगदी बरोबर होतं.
घरी नेईस्तोवर ते उडणार,
हजाराला साठ-सत्तर विड्या कमी भरणार,
त्या तिच्या मजुरीतून जाणार.

नियमपुस्तकात काट्याचं कलम होतं, वजनाचं होतं,
शिक्क्याची तर तीन.
पाण्याचं नव्हतं.
"काट्यात दोष नाही," मी म्हणालो. खोटं काहीच बोललो नाही.
कान मात्र तापले, आणि ते उन्हानं नव्हे.

"तुला कसं कळलं?"
"हाताला कळतंय की. तुमच्या हाताला नाय?"
आणि न विचारता तिनं तो माझ्या हातावर ठेवला.

माझी वजनं पुण्याच्या वजनांशी ताडायची,
ती मुंबईच्या, मुंबईची दिल्लीच्या,
दिल्लीची, परदेशात काचेखाली झाकलेल्या एका गोळ्याशी.
तो कुणाशी ताडायचा, हे नोकरीत कधी विचारलं नाही.
निवृत्तीनंतर पेपरात वाचलं,
तो गोळाही शंभर वर्षांत कणभर ढळला म्हणे,
म्हणून आता किलो बांधलाय
निसर्गातल्याच एका आकड्याला,
जो कुठल्या सरकारनं केला नाही
आणि कुठल्या अधिवेशनात बदलणार नाही.

पेपर बाजूला ठेवला. शेजारी माग खटखटत होता.
किलोला ठाव मिळाला, बरं झालं.
आम्ही ब्रँचमध्ये उभे होतो तेव्हाही
तो आकडा तिथं होताच की.
आणि अंबूबाईचा हातही.

मला कळलं होतं. तळव्याला गार लागलं होतं.
मी तंबाखू तिच्या सुपात परत टाकला,
त्याच हातानं पेन धरलं.
रजिस्टरच्या त्या पानावर 'निर्दोष' शब्दाशेजारी
तपकिरी डाग असेल अजून,
वाळवीनं ठेवला असेल तर.