थांबायची तार

तक्रार उलटी होती.
माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये येतात ती न चालणारी इंजिनं:
गारठ्यानं बसलेली बॅटरी, खारानं हिरवी पडलेली तार,
किल्ली फिरवली की एकदाच टक्,
आणि पुढे काही नाही.
आर्नायारक म्हणाली, हे बंदच होत नाही.

चाळीस घोड्यांचं, टू-स्ट्रोक.
(ग्रीनलंडच्या या टोकाला घोडा कुणी पाहिलेला नाही,
कुत्र्यांत मोजायला हवं होतं.)
तिच्या मिनिकनं स्लेजवर बांधून ओढत आणलं.
पंधरा वर्षांचा, बोलतो बेतानं.
किल्ली बंद केली तरी धडधडतंच राहतं, म्हणाला,
मग मी पेट्रोलची नळी उपसतो,
खोकत खोकत मरतं.

साध्यापासून सुरुवात करायची, हे मला मामानं शिकवलं,
आणि मामाला एका डॅनिश खलाशानं, शिव्यांसकट.
आधी फ्यूज. मग जोड, एकेक हलवून.
मग अर्थ.
बोटीत माती नसते,
इंजिनाचं लोखंड हाच सगळ्या तारांचा अर्थ.

मग ते लाल बटण, ज्याच्या चिमट्याची दोरी
मनगटाला बांधून घ्यायची असते.
चिमटा जागेवर, तर मीटरनं गप्प राहायचं.
चिमटा निघाला, म्हणजे माणूस पडला,
तर बोंब मारायची: तोडा ठिणगी.
हे बटण चिमटा असतानाच बोंबलत होतं.
आत मीठ साचलेलं, मिठानं दोन टोकं जुळवलेली.
म्हणजे हे इंजिन थांबत नाही ते नाही,
हे नको तिथे थांबत होतं कधीतरी.
धडधाकट माणूस होडीत उभा,
दोन्ही अंगांनी बर्फ सरकत येतोय,
आणि हे गप्प.

मग आता थांबत का नाही?

पांढरी तार बोटांनी मागे मागे नेत गेले.
कॉइलच्या चार बोटं आधी ती संपली.
तुटली नव्हती. कापली होती,
सुरीनं, एका घावात,
टोकाला टेपचे तीन वेढे,
शेवट दुमडलेला,
पुढच्या माणसाला नख लावता यावं म्हणून.

असा शेवट गावात एकच माणूस दुमडायचा.
मी मिनिककडे बघितलं नाही. त्यानंही
माझ्याकडे बघितलं नसावं.

इनूतेकची होडी तिसऱ्या दिवशी सापडली होती,
बर्फाच्या कडेला नाक खुपसून.
टाकी कोरडी.
निघताना काठोकाठ भरली होती, हे दुकानाच्या वहीत होतं.
तेव्हा कुणी काही बोललं नाही.
हिशेब सगळ्यांनाच येतो.

मी असते तर मीही कापली असती.
त्या दिवशी, तसल्या बर्फात, बधिर बोटांनी,
आणि म्हटलं असतं, घरी गेल्यावर बघू.
घरी गेल्यावर हॅलिबट साफ करायचे असतात,
कुत्र्यांना घालायचं असतं.

नवं बटण होतं, उन्हाळ्याच्या जहाजानं आलेलं.
तार सोलली, डाग दिला, वर नळी चढवून तापवली.
खाली पडलेला टेपचा तुकडा मिनिकनं उचलला,
खिशात टाकला.
मी प्लग पुसत राहिले. प्लग स्वच्छ होता.

काय झालं होतं? आर्नायारकनं दारातूनच विचारलं.
बटण, मी म्हटलं. बटणात मीठ गेलं होतं.
हे खोटं नाही.
तिनं थोडा वेळ त्या बटणाकडे पाहिलं,
मग किती झाले ते विचारलं.

पिंपातल्या पाण्यात इंजिन बुडवलं. एका झटक्यात पेटलं.
मिनिकनं दोरी मनगटाला गुंडाळली
आणि एक पाऊल मागे सरकला.
चिमटा सुटला.
इंजिन मेलं, इतकं पटकन
की पिंपातलं पाणी हलत राहिलं एकटंच,
आणि टेकडीवरचे कुत्रे ऐकू आले.

त्यानं पुन्हा सुरू केलं. पुन्हा मागे सरकला.
पुन्हा.
पुन्हा.
पुरे, आई म्हणाली, पेट्रोल फुकट येत नाही.
तो आणखी एकदा मागे सरकला.